जुन्या बॅटरीची अनामत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सांगलीला एका कार्यक्रमाला जायचं होतं आणि आमची जुनी गाडी काही सुरू होईना. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज यायचा आणि पुन्हा सगळं गप्प. बॅटरी संपली होती. एसटीनं सांगली गाठली, कार्यक्रम उरकला आणि परतल्यावर स्टँडवरून तसाच बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा ओळखीचा. गाडी कुठली, बॅटरी केवढी, हे विचारायच्या आधी त्यानं विचारलं, "काका, जुनी देणार न्हवं?"

"दिली तर काय आणि नाही दिली तर काय?"

"दिलीसा तर एक भाव, न्हाई दिली तर दुसरा."

त्यानं कागदावर दोन आकडे लिहिले. दोन्हींत आठशे रुपयांचा फरक होता. उद्या जुनी घेऊन येतो म्हणालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी काढून दारातल्या कट्ट्यावर ठेवली होती. तेवढ्यात भंगारवाला आला. हातगाडीवर पत्रा, सायकलची रिम, रद्दीचा गठ्ठा आणि त्या सगळ्यावर बसलेला त्याचा चार-पाच वर्षांचा पोरगा. बॅटरी बघताच तो थांबला. "चाचा, दुकानदार किती देतोय?"

"आठशे."

"मी हजार देतो. रोख. आत्ता."

दोनशे रुपये जास्त, शिवाय नऊ-दहा किलोचं ओझं दुकानापर्यंत न्यायचे कष्टही वाचणार. जो जास्त देईल त्याला विकावं, यात चूक ती काय? पण मी लगेच हो म्हणालो नाही. ते जादा दोनशे रुपये कुठून येतात, हे मला ठाऊक होतं. ते कसं ठाऊक झालं, हेच आज सांगायचं आहे.

आधी एका शब्दाबद्दल. जुनी वस्तू परत करेपर्यंत दुकानदाराकडं राहणाऱ्या पैशाला आपण 'अनामत' म्हणतो. हा शब्द अरबीतल्या 'अमानत'वरून मराठीत आला. अमानत म्हणजे कुणाच्या तरी विश्वासावर ठेवलेली चीज. आमच्या घरी आजी 'अमानत' म्हणायची आणि शाळेच्या पावतीवर 'अनामत' छापलेलं असायचं. अक्षरांची जागा बदलली, अर्थ तोच राहिला.

ही अनामत आपल्या रोजच्या जगण्यात मुरलेली आहे. लहानपणी गोटी सोड्याची बाटली घरी न्यायची, तर दुकानदार वरचे पैसे ठेवून घ्यायचा. बाटली परत केली की ते पैसे परत. वाचनालयात नाव घालताना अनामत भरावी लागते. सभासदत्व सोडताना शेवटचं पुस्तक दिलं की ती मिळते. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर तर आपला नसतोच. तो कंपनीच्या मालकीचा. आपण अनामत भरून तो वापरतो आणि रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. म्हणून देशातल्या कोट्यवधी घरांतला एकही सिलिंडर कचराकुंडीत दिसत नाही. तो लोखंडाचा आणि वजनदार आहे एवढ्यानं हे घडत नाही. त्याच्या परतीची वाट आधीच आखून ठेवलेली असते, म्हणून घडतं.

मोटारीच्या सुट्या भागांच्या बाबतीत हीच पद्धत अमेरिकेत सरसकट चालते. माझा भाचा तिकडं असतो. त्याच्या गाडीचा अल्टरनेटर गेला तेव्हा दुकानातून तो नवा आणायला गेला. बिलात अल्टरनेटरची किंमत होती आणि खाली आणखी एक रक्कम. त्याला वाटलं, हा एखादा कर असेल. पण ती जुन्या अल्टरनेटरची अनामत होती. तिकडं तिला 'कोअर चार्ज' म्हणतात. कोअर म्हणजे गाभा. घरी जाऊन नवा भाग बसवायचा, जुना त्याच खोक्यात घालायचा, पावतीसह दुकानात द्यायचा, की ती रक्कम परत. मात्र अटी असतात. भाग मुळात तोच आणि त्याच जातीचा हवा, सुटा करून तुकड्यांत आणलेला चालत नाही, आतलं तेल काढून टाकलेलं हवं, बाहेरचं कवच फुटलेलं नको आणि दुकानानं दिलेली मुदत टळलेली नको. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, बिघडलेल्या वस्तूला इथं एवढा मान आहे!"

मान कसला, हिशेब आहे. अल्टरनेटर किंवा सेल्फ बिघडतो म्हणजे काय होतं? आतले कार्बन ब्रश झिजतात, बेअरिंग आवाज करू लागतं, एखादा डायोड जळतो. पण त्याचं ओतीव कवच, दांडा, पुष्कळदा तांब्याची गुंडाळीसुद्धा धड असते. म्हणजे झिजतो तो थोडा भाग आणि टिकतो तो मोठा. हा टिकाऊ गाभा कारखान्यात नेऊन, धुऊन, झिजलेले तुकडे बदलून, तपासून पुन्हा विकता येतो. नवं कवच ओतायला लागणारी धातू आणि भट्टीतली आग दोन्ही वाचतात. पण जुना भाग परत आला नाही, तर या कारखान्याला कच्चा माल मिळणार कुठून? गिऱ्हाईक आळशी असतं. जुना भाग गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून पैसे आधीच अडकवून ठेवायचे. नंतर देऊ केलेल्या बक्षिसापेक्षा आपलेच अडकलेले पैसे सोडवायला माणूस लवकर उठतो.

आपल्याकडं ही पद्धत नाही असं नाही. तिचं नाव तेवढं वेगळं आहे. 'एक्स्चेंज' म्हणून रिकंडिशन सेल्फ मिळतो, ब्रेक शूला नवे लायनर चिकटवून मिळतात, घासलेल्या टायरवर नवा रबर चढवून मिळतो. आणि कोल्हापूरला तर जुन्यातून नवं करायला कुणी शिकवायला नको. आमच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्र्या आहेत. जिल्ह्यात त्या तीनशेच्या आसपास सांगितल्या जातात. फुटका इंजिन ब्लॉक, मोडकी पुली, घासलेला ब्रेक ड्रम हे सगळं बिडाचं भंगार तिथं भट्टीत जातं आणि नव्या मोटारीचा, नव्या पंपाचा सुटा भाग होऊन बाहेर येतं. शहराच्या कितीतरी घरांची चूल या भंगारावर पेटते. त्यामुळं भंगार या शब्दाला आम्ही नाक मुरडत नाही.

पण बीड वेगळं आणि शिसं वेगळं. बीड वितळायला साधारण बाराशे अंश सेल्सिअसची आग लागते. तेवढी आग करायची तर भट्टी हवी, वीज किंवा कोक हवा, जाणकार माणसं हवीत. शिसं अवघ्या ३२७ अंशांना वितळतं. ते घरच्या चुलीवर, लोखंडी पळीत वितळतं. सगळ्या अडचणीचं मूळ इथं आहे.

मोटारीची बॅटरी म्हणजे मुख्यतः शिसंच. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येणारी पहिली बॅटरी केली. आज आपल्या गाडीत जी असते ती तिचीच नात-पणती. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ बसला. तोपर्यंत गाडी चालू करायला पुढून हँडल मारावं लागे. सेल्फ आला आणि त्याच्यामागून प्रत्येक मोटारीत बॅटरी आली. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक शिसं आज बॅटऱ्यांतच जातं.

शिशाचा एक मोठा गुण आहे. ते कितीही वेळा वितळवा, पुन्हा शुद्ध करून वापरता येतं. माझा पहिला कवितासंग्रह खिळे जुळवून छापला होता. ते खिळेही शिशाचेच, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. छापखान्याचे मालक घासलेले खिळे वजनावर परत करून नवे घ्यायचे. कुणाच्या लग्नपत्रिकेतलं शिसं माझ्या कवितेत आलं असेल आणि माझ्या कवितेतलं पुढं कुठल्या हँडबिलात गेलं असेल, कोण जाणे. गंमत म्हणजे आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ज्याच्यात ते खरंच आहे, त्या बॅटरीच्या नावात मात्र त्याचा पत्ता नाही.

आमच्या घरात ते होतं. अब्बांचं उद्यमनगरजवळच्या एका बोळात बॅटरी दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी सांगतोय तो काळ सत्तरीच्या दशकाच्या शेवटचा. तेव्हा बॅटऱ्या कडक काळ्या रबराच्या असत, वरून डांबर ओतून बंद केलेल्या. एखादा कप्पा मेला की डांबर फोडायचं, प्लेटा बाहेर काढायच्या, नव्या घालायच्या. जोडपट्ट्या आणि टर्मिनल अब्बा स्वतः ओतायचे. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी पळी ठेवायची, जुन्या प्लेटांतलं शिसं त्यात टाकायचं. थोड्या वेळात वर राखाडी साय यायची, ती बाजूला सारली की खाली आरशासारखं चकचकीत पाणी. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. थंड झालेले थेंब आम्ही वेचायचो. कागदावर ओढले की करडी रेघ उमटायची. धाकटा भाऊ रांगत होता. अम्मी डबा घेऊन यायची तेव्हा त्याला दुकानातच जमिनीवर सोडायची. तो जे हाताला लागेल ते तोंडात घालायचा. सगळीच पोरं घालतात.

पुढं काही वर्षांनी अब्बांच्या पोटात कळा येऊ लागल्या. जेवण जाईना, चेहरा पांढराफटक पडला, मनगटातला जोर गेला. बॅटरी उचलताना हातातून सुटायची. इथले औषधोपचार झाले, मग मिरजेला नेलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मग अब्बांचा खालचा ओठ खाली ओढला. हिरड्यांच्या कडेला दातांलगत निळसर काळी रेघ होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धंदा कसला?"

ती रेघ शिशाची. अंगात शिसं साठलं की काहींच्या हिरड्यांवर ती उमटते. डॉक्टरांनी सांगितलं, शेगडी बंद करा, घरी जाण्याआधी कपडे बदला, हात-तोंड धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका. अब्बांनी त्या आठवड्यात पळी माळ्यावर टाकली. पुढं ते फक्त बॅटऱ्या चार्ज करायचे आणि नव्या विकायचे. हातात जोर पुष्कळसा परत आला.

धाकटा मात्र चौथीच्या पुढं गेला नाही. अक्षरं त्याच्या ध्यानात राहायची नाहीत, चार मिनिटं एका जागी त्याला बसवत नसे. आज तो पन्नाशीला आलाय आणि माझ्याकडंच राहतो. ते शिशामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. त्याचं रक्त त्या वयात कुणी तपासलं नाही. पण पुढं शिशाबद्दल जे वाचलं, त्यातली बरीच लक्षणं मला वाचायची गरज नव्हती.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून चुकतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. तिथं ते वर्षानुवर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या पोटात जेवढं शिसं गेलं, त्यातला जो वाटा अंगात भिनतो, त्याच्या चार ते पाच पट मुलांच्या अंगात भिनू शकतो. वाढत्या मेंदूवर त्याचा घाव बसला की तो भरून येत नाही. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, रक्त कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं मिळून एक अहवाल काढला. त्यातला अंदाज असा की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात, एका डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली २७ कोटींहून अधिक मुलं भारतातली. कारणं अनेक आहेत. रंग, भांडी, भेसळीचे मसाले. पण उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळवणं हे त्यातलं एक मोठं कारण त्या अहवालानं मांडलं.

पेट्रोलमध्येही पूर्वी शिसं घालत. आपल्याकडं ते २००० मध्ये देशभर बंद झालं आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, त्यानं २०२१ मध्ये ते थांबवलं. पेट्रोलचं शिसं बंद करायला शुद्धीकरण कारखान्यांना हुकूम देणं पुरलं. बॅटरी मात्र घराघरात आहे. तिच्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाला उठून दुकानापर्यंत जावं लागतं.

आता त्या दोनशे रुपयांकडं येऊ. जुन्या बॅटरीचा भाव लंडनच्या धातूबाजारातल्या शिशाच्या भावाबरोबर वर-खाली होतो. दुकानदार आणि भंगारवाला दोघांनाही तोच भाव लागू. मग भंगारवाल्याला जास्त देणं परवडतं कसं? रीतसर कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फोडतात, आम्ल वेगळं काढून त्याची धग मारतात, प्लास्टिक धुऊन वेगळं करतात, शिसं बंदिस्त भट्टीत वितळवतात, धूर गाळण्यांतून सोडतात, कामगारांचं रक्त ठरावीक काळानं तपासतात. या प्रत्येक गोष्टीला पैसा पडतो. उघड्यावरचा माणूस कोयत्यानं बॅटरी फोडतो, तेजाब गटारात ओततो, प्लेटा खड्ड्यात कोळशावर वितळवतो. गाळणी नाही, कर नाही, रक्ततपासणी नाही. वाचलेल्या खर्चातले थोडे पैसे तो मला देतो, म्हणजे माझी बॅटरी त्याच्याकडं जाते. तो खर्च नाहीसा झालेला नसतो. त्या खड्ड्याभोवती रांगणाऱ्या पोरांच्या अंगावर तो पडलेला असतो. माझ्या हातातल्या दोनशे रुपयांत त्यांचा वाटा असतो.

हे कुठवर जाऊ शकतं, ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशात दिसलं. डकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडत. शिशाचा भाव चढला तेव्हा बायाबापड्यांनी जमिनीतली शिसंमिश्रित माती चाळून तुकडे विकायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात त्या वस्तीत १८ मुलं दगावली. आधी वाटलं कसली तरी साथ आहे. तपासात निघालं शिसं.

आपल्या सरकारनं हे ओळखलं नव्हतं असं नाही. २००१ मध्ये बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम आले. नव्या बॅटऱ्या विकणाऱ्यानं जुन्या परत घ्यायच्या, त्यासाठी गिऱ्हाइकाला योग्य सूट द्यायची आणि जमा झालेल्या बॅटऱ्या फक्त नोंदणीकृत कारखान्याला द्यायच्या. बनवणाऱ्यांनी पहिल्या वर्षी विकलेल्या मालाच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षानंतर ९० टक्के जुन्या बॅटऱ्या गोळा करायच्या, असंही त्यात होतं. दुकानातल्या पोरानं लिहिलेले दोन आकडे याच नियमांनी पक्के केलेल्या रिवाजातले. पण कागदावरचे ९० टक्के आणि रस्त्यावरचा अनुभव यांत अंतर राहिलं. सूट दुकानदार देणार आणि त्यापेक्षा जास्त भाव दारात मिळणार, तर नियम काय करील? शिवाय काही दुकानांतून जमा झालेल्या बॅटऱ्याही मागच्या दारानं भंगारातच जात.

२०२२ मध्ये नवे नियम आले. ते सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत, मोबाइलच्याही आणि विजेवरच्या गाड्यांच्याही. बॅटरी बनवणाऱ्यावर किंवा आयात करणाऱ्यावर तिच्या शेवटापर्यंतची जबाबदारी टाकली आहे. जुनी बॅटरी जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी आहे. आणि जुन्या बॅटऱ्या परत याव्यात म्हणून उत्पादकाला त्या विकत घेण्याची किंवा अनामत परत देण्याची योजना चालवता येईल, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे भाच्याच्या बिलातली ती खालची ओळ आपल्या कायद्यातही येऊन बसली आहे. फक्त ती दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचायला हवी.

अनामत आपल्याकडं चालेल का, अशी शंका येते. चालते. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात डोंगरात पडलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर जनावरं जखमी होत. मद्रास उच्च न्यायालयाच्या पुढाकारानं २०२२ मध्ये तिथं बाटलीमागं दहा रुपये जादा घ्यायला आणि रिकामी बाटली आणली की ते परत द्यायला सुरुवात झाली. बाटल्या परत येऊ लागल्या आणि पुढं ही योजना राज्यातल्या आणखी जिल्ह्यांत गेली. गोव्यानंही २०२४ मध्ये अनामत परतीची योजना अधिसूचित केली.

संपूर्ण गाडीच्या बाबतीतही आता असाच विचार आला आहे. जुनी गाडी नोंदणीकृत मोडतोड केंद्रात दिली की 'ठेव प्रमाणपत्र' मिळतं. नवी गाडी घेताना ते दाखवलं तर केंद्राच्या नियमानुसार राज्य सरकार खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतं. हे नियम २०२१ मधले. ठेव म्हणा, अनामत म्हणा. जुन्या वस्तूला परत जाण्याचं कारण द्यायचं, हे सूत्र एकच.

पण सूत्र चालायला एक अट आहे. अनामतीची रक्कम उघड्या भट्टीवाल्याच्या भावाहून चढी हवी. सोड्याच्या बाटलीला पाच-दहा रुपये पुरतात, कारण रिकाम्या बाटलीला बाजारात तेवढे कुणी देत नाही. बॅटरीला शिशाचा भाव आहे. म्हणून इथं अनामत शिशाच्या भावाबरोबर वाढायला हवी, नाहीतर पुन्हा दारातला माणूस दोनशे रुपये जास्त देऊन जाईल.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? नवी बॅटरी घेताना जुनी दुकानातच द्या आणि बिलावर तशी नोंद करून घ्या. ती नोंद म्हणजे जुनी बॅटरी कुठं गेली याचा पहिला कागद. नेताना बॅटरी उभी ठेवा, आडवी पडली तर तेजाब सांडतं. घरी ती उघडू नका, पाणी समजून आतलं ओतून देऊ नका. मुलांना हात लावू देऊ नका. आणि गाडीबरोबर इन्व्हर्टरचीही आठवण ठेवा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी जे इन्व्हर्टर आले, त्यांच्या बॅटऱ्या मोटारीच्या बॅटरीहून कितीतरी जड असतात. जिन्याखाली पडलेली अशी एखादी जुनी बॅटरी तुमच्याही घरात असेल.

त्या सकाळी हे सगळं मी भंगारवाल्याला आठवेल तसं सांगितलं. अब्बांची पळी, हिरडीवरची रेघ, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग गाडीवरच्या पोराकडं बघून म्हणाला, "खरं असंल तुमचं. पर बॅटरी न्हाई घेतली तर खाऊ काय, चाचा? रद्दीत काय सुटतंय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्यात दुकानदार आहे, कारखानदार आहे, गिऱ्हाईक आहे. गल्लोगल्ली फिरून खरोखर माल गोळा करणारा हा माणूस त्यात कुठं बसतो? त्याला वगळून कुठलीच अनामत पुरी पडणार नाही, असं मला वाटतं.

मी म्हटलं, "दुकानापर्यंत घेऊन चल. शंभर रुपये देतो." त्यानं बॅटरी गाडीवर उभी ठेवली, पोराला उचलून दुसऱ्या टोकाला बसवलं आणि आम्ही निघालो. दुकानात पोरानं वजन बघितलं, नव्या बॅटरीचं बिल केलं आणि खाली लिहिलं, 'जुनी १ नग जमा'. कंपनीची गाडी महिन्यातून एकदा येते आणि उचललेल्या मालाची पावती देते, असं म्हणून त्यानं मागच्या महिन्याची पावती दाखवली.

मी पैसे मोजत होतो. भंगारवाला काउंटरला हात टेकून उभा होता. त्यानं दुकानातल्या पोराला विचारलं, "गल्लीतल्या मी आणून दिल्या, तर मला काय देशील?"

पोरगा क्षणभर थांबला. म्हणाला, "आण तर. बघू."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)